खारा हात

नारायणगावात जुन्नर रोडला माजं वर्कशॉप. पाण्याचे पंप, फवारणीचे ब्लोअर, मळणीयंत्र, जे मोडंल ते माज्याकडं. दुकानापुढच्या लोखंडी जाळीवर मी पाच रुपयाचं नाणं वेल्डिंगचा टाका मारून बसवलं व्हतं. जुन्नरची जीप थांबली की उतरलेला माणूस पहिलं इकडं-तिकडं बघायचा, मंग चपलेचा अंगठा नीट करायच्या निमित्तानं वाकायचा. नाणं हलंना की मी आतून वरडायचो, "पावणं, पाना देऊ का?"

सगळे वाकले. तलाठी वाकला, शाळेतले मास्तर वाकले, माजा सासरा तर दोनदा वाकला. एकच माणूस वाकला न्हाई. त्यानं उभ्या उभ्या चष्म्यातून खाली बघितलं, आत आला आन म्हणला, "टाका कच्चा हाय. पावसाळ्यात सुटंल."

सुटला की राव. जुलैमधी.

ते चांगदेवनाना. वारुळवाडीचे. तीस वर्षं मिलिटरीच्या वर्कशॉपात बंदुका तपासायच्या कामाला व्हते. लोकं रिटायर होऊन येताना कपाट आणतात, टीव्ही आणतात. नाना एक लाकडी पेटी घेऊन आले. मिलिटरीनं जुनी झाली म्हणून लिलावात काढलेली अवजारं त्यांनी येचून येचून घेतली व्हती. इंग्रजाच्या काळची. कानशी, हातात धरायचा छोटा वाईस, मायक्रोमीटर, पोलादी पट्टी, आन सतरा स्क्रूड्रायवर. मी म्हणलं, "नाना, सतरा कशाला? माजं दोनात भागतं." तर म्हणले, "म्हणून तुज्याकडचा एक बी स्क्रू गोल राहिला न्हाई." प्रत्येक स्क्रूच्या खाचेला माप घेऊन घासलेला येगळा स्क्रूड्रायवर. पेटीत प्रत्येकाची जागा कापडात कोरलेली.

जुन्नर-आंबेगावात लायसनवाली हत्यारं बरीच. रानडुकरांपायी शेतकऱ्यांच्या बाराबोरी बंदुका, आन पलटणीतनं आलेल्या लोकांकडं जुनी पिस्तुलं. लढाईत वापरून झालेली, सरकारनं मोडीत काढलेली, रीतसर कागदावर घेतलेली. खंडेनवमीला हत्याराची पूजा असते. पाटावर हत्यार मांडायचं तर ते लखलखीत पायजे. म्हणून नवरात्र बसलं की ही समदी मंडळी नानांच्या दारात.

नानांचे नियम कडक. मालक समोर बसणार. लायसनचं पुस्तक टेबलावर. गोळ्या घरी. दुरुस्ती न्हाई, निस्ती तपासणी आन साफसफाई. बदल्यात एक नारळ. पहिलं काम म्हंजे हत्यार उघडून नळीच्या मागच्या तोंडाला अंगठ्याचं नख धरायचं. उजेड नखावर पडतो, नखावरनं नळीत शिरतो, आन पुढच्या तोंडाला डोळा लावला की आतलं समदं दिसतं. नाना म्हणायचे, "ब्याटरी डोळा दिपवती. नख खरं सांगतं." मंग मलमलची तीन फडकी. पहिलं काळं निघायचं, दुसरं पिवळं, तिसरं जसं घातलं तसं निघालं पायजे. त्याच्यावर तेलाचा पुसट हात, आन तिथून पुढं उघडं बोट लावायचं न्हाई. शेवटाला हत्यार उजेडात फिरवून एक नजर टाकायची आन फडक्यात गुंडाळून मालकाच्या हातात.

उघडं बोट का न्हाई, तर काही माणसांचा हात खारा असतो. घामच असा, की लोखंडाला लागला की चार दिवसांत तांबडं बोट उमटतं. आन तालुक्यात सगळ्यात खारा हात माजा. पहिल्याच वर्षी मी नानांची पोलादी पट्टी कौतुकानं हातात धरली, तर पाचव्या दिवशी पाची बोटं उमटली. अंगठा तर असा छापला की मधली आडवी रेघ सुदिक. ग्राइंडरवर लहानपणी अंगठा फाटला व्हता, त्याची खूण.

तवापासून नाना मला चारचौघांत मिठागर म्हणायचे. "मिठागर, लांब उभा राहा." "मिठागर, तुजा हात खिशात." नाना एरवी थट्टा करणारं माणूस नव्हं, पण ही एक थट्टा त्यांनी आयुष्यभर पुरवून खायची ठरवली व्हती. माजी बायको त्यात सामील. "भाजी आळणी झालीय, जरा हात घालता का?"

मी दुसऱ्याला बनवणारा माणूस. मला कोणी बनवलं की माजं पोट दुखतं. मी संधीच बघत व्हतो.

नव्याण्णव साली लोकसभा आन विधानसभा एकदमच लागली. इलेक्शन आलं की लायसनची हत्यारं चौकीत जमा करावी लागतात. पावसाळाभर ती तिथं पडली, आन आक्टोबरात परत मिळाली ती गंज खाऊन. खंडेनवमी आठ दिवसांवर. नानांकडं रांग लागली. मला म्हणले, "मिठागर, चार दिवस ये. हत्याराला हात लावू नको, पुस्तकं सांभाळ, च्या दे लोकांना."

शेवटी आला तो धामणीकडचा म्हस्कू. मेंढरं राखणारं घर, बाप पलटणीत व्हता, त्याचं पिस्तूल पोरानं आपल्या नावावर करून घेतलेलं. दिवस मावळेपर्यंत परत पोचायचं म्हणून त्याची घाई. नानांनी दोन तास घालवले. तिसरं फडकं पांढरं निघालं. तेलाचा हात दिला, पिस्तूल टेबलावर मलमलवर ठेवलं आन नाना हात धुवायला मागं मोरीवर गेले. म्हस्कू खुर्चीतच, पण मान वळवून रस्त्यावर जीप येती का बघत व्हता.

मी उजवा अंगठा पँटीवर घासला, आन नळीच्या कुशीला असा दाबून ठेवला, जसा रेशनच्या कागदावर ठेवतात.

माजा बेत साधा व्हता. नाना येणार, शेवटची नजर टाकणार, त्यांना तेलावर अंगठा दिसणार, ते वरडणार, "कुणी हात लावला?" आन मी म्हणणार, "नाना, तुमच्याबिगर कुणी हात लावतंय व्हय हितं? तुमचाच हात खारा झाला!" चारचौघांत एकदा त्यांना मिठागर म्हणायचं, बस. मंग नाना परत पुसतील, परत तेल देतील, दहा मिनिटांचं काम.

तेवढ्यात जीप आली. ड्रायव्हरनं हॉर्नवर हातच ठेवला. म्हस्कू ताडकन उठला, "नाना, येतो बरं का! खंडेराया तुमचं भलं करो!" त्यानंच फडकं गुंडाळलं, पिशवीत टाकलं, नारळ ठेवला आन पळाला. नाना मोरीवरनं ओले हात झटकत आले, तवर जीप वळणाला.

"शेवटची नजर राहिली की रं," नाना म्हणले.

मला तवा पळत जायला पायजे व्हतं. जीप पुढं स्टँडवर पॅसेंजर भरायला दहा मिनिटं थांबतीच. पण मी काय केलं, तर म्हणलं, "काय न्हाई व्हत नाना, तुमचा हात लागलाय त्याला." आन मनात हसलो. मला वाटलं, एका अंगठ्यानं काय व्हतंय?

दसऱ्याच्या दिवशी सकाळी दुकानापुढं लोकं जमली व्हती. आपट्याची पानं देणं-घेणं चालू. नाना धुतलेलं धोतर, टोपी घालून आलेले. म्हस्कू जीपमधनं उतरला तो पानं काढायच्या ऐवजी पिशवीतनं पिस्तूल काढत आला.

"नाना, सोनं घ्या," म्हणला आन फडकं उघडलं.

नळीच्या कुशीला तांबडा अंगठा. वल्या कुंकवानं ठसा मारावा तसा.

"भाऊबंद जमलं व्हतं माजं," म्हस्कू म्हणला. "पाटावर ठेवलं, फडकं काढलं, आन चुलता म्हणतो, हे काय रं, नाना म्हणत व्हतास ना? अहो, चौकीत बरं व्हतं त्याच्यापेक्षा!"

नानांनी पिस्तूल हातात घेतलं न्हाई. चष्मा घरी व्हता, डोळे बारीक करून बघितलं. मंग स्वतःचा अंगठा बघितला. परत पिस्तूल. परत अंगठा.

मी शेजारीच उभा. मला चष्मा लागत न्हाई. त्या ठशाच्या मधी आडवी रेघ मला लख्ख दिसत व्हती.

एक शब्द बोलायचा व्हता. आन माज्या तोंडातनं निघालं, "काय नाना, मिठागर तुमच्याकडं बदली झालं का काय?"

समदे खो खो हसले. म्हस्कू बी हसला. इतक्या वर्षांत माजा एवढा जमलेला इनोद न्हाई. नानांनी हसल्यासारखं तोंड केलं. मंग हळूच म्हणले, "म्हातारपणी घाम बदलतो म्हणतात. मला कळलंच न्हाई कधी बदलला." आन मला म्हणले, "मच्छिंद्रा, तू पूस बाबा. चिमट्यात फडकं धरून पूस."

मिठागर न्हाई म्हणले. मच्छिंद्रा म्हणले.

मी घाईघाईत पुसलं. कधी एकदा ती रेघ जाती असं झालं व्हतं. वरचा गंज निघाला, खोलवर काय बसलं ते मी बघितलं न्हाई. नानांनी पुसलं असतं तर अर्धा तास त्या एका ठिकाणी बसले असते.

आठ दिवसांनी नाना रिक्षातनं पेटी घेऊन दुकानात आले. हाताला धोतराचं फडकं गुंडाळलेलं.

"हे काय?" मी म्हणलं.

"ठेव तुज्याकडं. माज्यापाशी राहिली तर मीच खाईन त्यांना."

"नाना, माजा हात तर..."

"तुजा खारा हाय हे तुला ठाव हाय. तू जपून धरशील. मला माजा ठाव नव्हता, हेच वाईट."

मी तोंड उघडलं व्हतं, देवाशपथ. पण समोर दोन गिऱ्हाइकं बसलेली, आन मला वाटलं, आज नको, उद्या त्यांच्या घरी जाऊन हसत हसत सांगू. दुसऱ्या दिवशी गेलो तर नाना खिडकीत एक पोलादी पट्टी ठेवून बसलेले. म्हणले, "चाचणी घेतोय. अंगठा उमटवलाय, आठ दिवस बघतो." परतीचा पाऊस चालू, पट्टीला तेल न्हाई, खिडकी उघडी. ती पट्टी अंगठ्याबिगर बी गंजली असती. हे शेंबडं पोर सांगंल. पण तीस वर्षं बंदुका तपासलेला माणूस आठव्या दिवशी ती तांबडी पट्टी मला दाखवून म्हणला, "बघ. पक्कं झालं." माणूस भ्याला की त्याचं समदं शिक्षण बंद पडतं.

आन मी काय केलं, तर मान हलवली.

एकदा मान हलवली की पुढचं सोपं जातं. पहिल्या वर्षी वाटायचं, सांगितलं तर नाना चिडतील. दुसऱ्या वर्षी वाटलं, आता सांगितलं तर म्हणतील वर्षभर काय करत व्हतास. तिसऱ्या वर्षी मी त्यांच्या स्क्रूड्रायवरांवर काम करून नाव कमवत व्हतो. हातात रबरी मोजे घालून.

नानांकडं लोकं यायची बंद झाली. साळुबाईनं, म्हंजे नानींनी, त्यांना जुन्या धोतराच्या दोन पिशव्या शिवून दिल्या. लोखंडाला हात लावायचा तर नाना आधी पिशवी चढवायचे. इळा असो, बादलीची कडी असो. घराच्या दाराची लोखंडी कडी काढून त्यांनी लाकडी खिट्टी बसवून घेतली. लोकं म्हणायची, म्हातारा जरा सरकलाय. मी दुकानात बसून त्याच्यावर बी चार इनोद केले. कोणी हसलं की मला बरं वाटायचं, आन जेवताना घास उतरायचा न्हाई.

खंडेनवमीला नाना माज्या दुकानात यायचे. पेटीची पूजा मीच मांडायचो. नाना लांब स्टुलावर, दोन्ही हात काखेत. हळद-कुंकू माजी बायको लावायची. एका वर्षी ती म्हणली, "नाना, तुमची हाय पेटी, तुमी लावा की." तर म्हणले, "पोरी, लांबून नमस्कार पोचतो." त्या दिवशी मी मागं जाऊन ग्राइंडर चालू केला. खंडेनवमीला मशीन लावत न्हाईत. पण मला जरा आवाज पायजे व्हता.

दोन हजार चारला विधानसभा लागली. परत हत्यारं चौकीत, परत दसऱ्याच्या तोंडावर वापस. म्हस्कू आला तो थेट माज्याकडं.

"मच्छूशेठ, पेटी तुज्याकडं हाय. तूच कर आता."

पिस्तूल पार तांबडं झालेलं. मी मोजे घातले, पुस्तक टेबलावर घेतलं, पहिलं फडकं फिरवलं. वरचा गंज निघाला तसा नळीच्या कुशीला एक खड्डा-खड्डा भाग दिसायला लागला. लांबट गोल. खिडकीशी नेलं. बारीक बारीक गोल रेघा, आन त्यांच्या मधनं आडवी एक कोरी पट्टी, जिथं पोलाद खाल्लं गेलं न्हाई.

माजा अंगठा. पाच वर्षं तिथंच बसून खात व्हता.

"काय झालं रं? भूत बघितल्यासारखं काय करतोस?" म्हस्कू म्हणला.

"म्हस्कूदादा, पिस्तूल घे. नानांकडं जायचंय."

"त्या म्हाताऱ्याकडं? आन परत अंगठा?"

"चल म्हणतो ना!"

नाना वट्यावर शेंगा फोडत बसले व्हते, पिशव्या कमरंला खोचलेल्या. नानी सुपात दाणे पाखडत व्हत्या. म्हस्कूला बघून नाना दचकले आन उठायला लागले, जसं काय पाच वर्षांनी तो भांडण पुरं करायला आलाय.

मी बसलोच न्हाई. म्हणलं, "नाना, तो अंगठा माजा व्हता."

"कुठला?"

"पिस्तुलावरचा. नव्याण्णवचा. तुमी मोरीवर गेला तवा मी दाबला. तुमाला मिठागर म्हणायचं व्हतं एकदा. तुमचा हात चांगला हाय नाना. कधीच खारा नव्हता."

नाना माज्याकडं बघत राहिले आन मंग हसले. पाच वर्षांनी मोकळं हसले. "नाणं दुसरीकडं टाक बाबा. मी वाकत न्हाई."

"खरं सांगतोय."

"म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून सांगतोस. कळतंय मला. चांगला हाईस तू." हे त्यांचं 'चांगला हाईस' मला जे लागलं, ते शिवी बी लागली नसती. "आन पट्टीवर उमटला त्याचं काय?"

"नाना, पावसात तेलाबिगर पट्टी ठेवली खिडकीत. तिच्यावर देवाचा अंगठा असता तरी गंजली असती."

नानांच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"भिंग आणा," मी नानींना म्हणलं.

म्हस्कूनं फडकं उघडून पिस्तूल वट्यावर ठेवलं. मी शेजारी माजा अंगठा ठेवला. नानांनी भिंग घेतलं. पहिलं पिस्तुलावर धरलं. मंग माजा अंगठा धरला, धोतराच्या सोग्यानं पुसला, उजेडाकडं फिरवला, जसं एखादं हत्यार फिरवतात. भिंग अंगठ्यावर. भिंग पिस्तुलावर. परत अंगठ्यावर. तीनदा बघितलं. मला वाटलं, आता हात उगारतील. उगारला असता तर बरं झालं असतं.

"रेघ हाय," नाना म्हणले.

"हाय."

"त्या दिवशी तुला दिसली व्हती?"

ह्या प्रश्नाची मी तयारी केली नव्हती. "व्हय."

"आन तरी तू ते बोललास. समद्यांपुढं."

"बोललो."

म्हस्कूनं मला अशा शिव्या घातल्या की सांगता सोय न्हाई. "माज्या घरात इनोद केलास? माज्या बापाच्या वस्तूवर? मी ह्या देवमाणसाला तालुकाभर बदनाम केलं रं तुज्यापायी!" नानांनी हात वर करून त्याला गप केलं.

बोलल्या त्या नानी. सूप खाली ठेवलं आन माज्याकडं न बघता बोलल्या. "राजनंदिनी झाली, आमची नात. लेकीला बाळंतपणाला हितं आणली व्हती. पाळणा लोखंडी. पोरगी रात-दिस रडायची, पण ह्यांनी एकदा बी पाळण्याला हात लावला न्हाई. लांब उभं राहून बघायचे. लेक म्हणली, आई, बाबांना मुलगी झालेली आवडली न्हाई का गं? तशीच गेली ती सासरी, मनात धरून."

हे मला ठाव नव्हतं. मी म्हणत व्हतो की काय बिघडलं, म्हाताऱ्याचं काम सुटलं, आराम मिळाला. पाळणा मला ठाव नव्हता.

"मी सांगतो तुमच्या लेकीला," मी म्हणलं. "आज जातो."

"जा," नानी म्हणल्या. "तुज्या तोंडानं सांग. आन हसू नको सांगताना."

शेवटी नाना म्हस्कूला म्हणले, "पुस्तक?"

म्हस्कूनं लायसनचं पुस्तक काढून वट्यावर ठेवलं. नानांनी कमरंच्या पिशव्या काढून बाजूला ठेवल्या आन उघड्या हातानं पिस्तूल उचललं. उचललं आन थांबले. चटका बसंल का काय, असा हात धरला व्हता. मंग सवयीनं उघडून रिकामं हाय का बघितलं, आन नळीच्या मागं नख धरलं. पण हात थरथरत व्हता. पाच वर्षांपूर्वी थरथरत नव्हता. उजेड नळीत ठरंना. दोनदा धरलं, तीनदा धरलं.

"नख धर," नाना मला म्हणले.

"मी?"

"नखाला घाम येत न्हाई. धर. हलवू नको."

मी धरलं. नाना नळीच्या दुसऱ्या टोकाला डोळा लावून बसले. माजं नख आन त्यांचा डोळा, मधी ती इंग्रजाच्या काळची नळी. इतक्या जवळनं मी त्यांच्याकडं कधी बघितलं नव्हतं.

"आतनं चांगलं हाय," ते म्हणले. "निस्तं वरनं खाल्लंय."

तीन तास लागले. पेटी मी पळत जाऊन दुकानातनं आणली. तिसरं फडकं पांढरं निघालं. म्हस्कू भीत भीत म्हणला, "नाना, तो अंगठा तेवढा घासून काढता का?"

"घासला तर पोलाद जाईल. राहू दे."

मंग शेवटची नजर टाकली. हॉर्न वाजवायला कुठली जीप नव्हती, सावकाश टाकली. फडक्यात गुंडाळून म्हस्कूच्या हातात दिलं. आन लगेच, कोणी बघत न्हाई असं समजून, स्वतःची बोटं उजेडात धरून बघितली आन धोतराला पुसली.

मी त्याच दिवशी मंचरला नानांच्या लेकीकडं गेलो. सांगितलं. हसलो न्हाई. तिनं च्या बी विचारला न्हाई आन मला तेच बरं वाटलं. दिवाळीत ती पोरीला घेऊन आली. पोरगी आता पाळण्यातली न्हाई राहिली, तीन वर्षांची झालीय.

पेटी मी परत दिली. खंडेनवमीला नानांनी स्वतःच्या बोटानं कुंकू लावलं, सतराच्या सतरा स्क्रूड्रायवरांना. पण लावून झाल्यावर मलमल घेऊन एकेक दांडा पुसला, जिथं जिथं बोट लागलं व्हतं तिथं. मी म्हणलं, "नाना, आता कशाला?" तर म्हणले, "सवय लागली रं." आता परत सकाळचे पेटी घेऊन दुकानात येतात. पाना उचलतात, ठेवतात, पुसतात. त्यांना समदं पटलंय. भिंगातनं बघितलंय त्यांनी. पण ते त्यांच्या डोक्याला पटलंय, हाताला न्हाई.

आन एक. त्यांनी मला परत कधी मिठागर म्हणलं न्हाई. मच्छिंद्रा म्हणतात. चांगलं बोलतात, कामातलं सांगतात, च्या अर्धा अर्धा घेतो आमी. पण हात खिशात घाल म्हणून वरडत न्हाईत. मी मुद्दाम त्यांच्या हत्यारांच्या जवळ जातो, तरी न्हाई.

म्हणून गेल्या महिन्यात मी एक केलं. त्यांची पोलादी पट्टी त्या दिवशी दुकानात राहिली व्हती. मी अंगठा पँटीवर घासला आन पट्टीच्या बरोबर मधोमध दाबून ठेवला. चार दिवसांनी उमटला, एकदम फसक्लास, रेघेसकट. टेबलावर समोरच मांडून ठेवली. गिऱ्हाइकं चार-पाच बसलेली. म्हणलं, आता नाना येतील, बघतील आन चारचौघांत वरडतील.

नाना आले. पट्टी उचलली. खिडकीशी नेली, भिंगातनं बघितली. मी कानात प्राण आणून उभा.

त्यांनी खिशातनं मलमल काढलं, तेलाचा एक थेंब घेतला आन पुसायला बसले. अर्धा तास त्या एका ठिकाणी. निघाला पार. पट्टी पेटीत तिच्या जागेवर ठेवली, झाकण लावलं, आन मला म्हणले, "मच्छिंद्रा, च्या सांग."